लूट : एका शब्दाचा परदेशप्रवास

इंग्रजी वर्तमानपत्र उघडावें, तों कोठें दंगलींत दुकानें फोडलेलीं असतात, कोठें भूकंपानंतर ओस पडलेल्या घरांतील चीजवस्तु नाहींशी झालेली असते, तर कोठें एखाद्या राज्यकर्त्यानें आपल्याच देशाचा खजिना रिकामा केलेला असतो. या तिन्ही कृत्यांना बातमीदार एकच क्रियापद लावतो. उच्चाराचें वळण इंग्रजी, पण शब्द आपला 'लूट' हाच. चोरीच्या अर्थाचें इतकें नित्याचें क्रियापद इंग्रजीनें हिंदुस्थानांतून कां उचललें, या प्रश्नाच्या उत्तरांत शेंसव्वाशें वर्षांचा इतिहास दडलेला आहे.

परस्वापहाराला इंग्रजींत शब्दांची वाण कधींच नव्हती. 'रॉब' हें क्रियापद आणि अंगरख्याला असलेला 'रोब' हा शब्द एकाच मुळाचे. जिंकलेल्याचे कपडे उतरवून घेणें ही लुटीची आदिम रीत त्यांत टिकून राहिली आहे. 'पिलेज' फ्रेंचांकडून आला. 'प्लंडर' हा जर्मन. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धाच्या सुमारास तो इंग्लंडांत पोंचला. जर्मन भाषेंत त्याचा मूळ अर्थ घरांतील अंथरूणपांघरूण, भांडींकुंडीं असा होता. शिपायानें गरिबाच्या घरांतून नेलें तें हेंच. युद्धें संपतात, पण त्यांचे शब्द असे मागें उरतात.

'लूट' शब्दाचें मूळ संस्कृत 'लुण्ट्' धातूंत शोधतात. हिंदींतून तो कंपनीच्या छावणींत शिरला. १७८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या, हिंदुस्थानी शब्दांचा अर्थ देणाऱ्या एका इंग्रजी कोशांत त्याची नोंद सांपडते. यूल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा सुप्रसिद्ध कोश १८८६ सालीं निघाला. १८४१ चें चीनचें युद्ध, १८५४-५५ चें क्रिमियाचें युद्ध आणि १८५७-५८ चा उठाव या तीन प्रसंगांमधून हा शब्द विलायतेंत रुळला, असें त्या कोशकारांनीं नमूद केलें आहे. अर्थात् त्याला तिकडे नेलें तें हिंदुस्थानांत चाकरी केलेल्या शिपायांनीं आणि त्यांच्या हकीकती छापणाऱ्या वृत्तपत्रांनीं.

पण घरचे शब्द असतां हा परका हवासा कां वाटला? त्या काळच्या लष्करी व्यवहारांत याचा एक धागा मिळतो. जिंकलेल्या शहरांतील संपत्ति अधिकाऱ्यांच्या देखरेखीखालीं गोळा करून हुद्द्याप्रमाणें वांटली, कीं तिला 'प्राइझ' म्हणजे बक्षीस म्हणत. ४ मे १७९९ रोजीं श्रीरंगपट्टण पडलें, तेव्हां सेनापति हॅरिस यांच्या वाट्याला एकूण संपत्तीचा आठवा हिस्सा, म्हणजे एक लाख पौंडांहून अधिक रक्कम आली. साध्या शिपायाला मोजके पौंड मिळाले. शिपायानें परवानगीवांचून खिशांत घातलें, तर मात्र ती लूट. कृत्याचें रूप एकच. नांव कर्त्याच्या हुद्द्यावर ठरे.

याचा अनुभव पुण्यानेंहि घेतला आहे. पेशव्यांचे खजिनदार नारोबा गोविंद औटी यांचें द्रव्य १८१८ सालीं पुण्यांत जप्त झालें. पुढें त्यांच्या वारसदारांच्या बाजूनें मुंबईच्या सुप्रीम कोर्टांत फिर्याद झाली आणि कोर्टानें निकाल फिर्यादीच्या बाजूनें दिला. परंतु १८३० सालीं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनें तो फिरविला. जप्ती युद्धाच्या ओघांत झाली असल्यामुळें तिच्या न्यायान्यायाचा विचार करण्याचा अधिकारच त्या कोर्टाला नाहीं, असें ठरलें. जेथें न्यायाधीशाला तोंड उघडतां येत नाहीं, तेथें चोरी हा शब्द उच्चारणार कोण?

१८५७ च्या सप्टेंबरांत दिल्ली आणि १८५८ च्या मार्चांत लखनौचा कैसरबाग या वाटेनें गेला. १८६० च्या ऑक्टोबरांत पेकिंगजवळचा बादशाही ग्रीष्मप्रासाद इंग्रज व फ्रेंच फौजांनीं धुऊन नेला आणि नंतर लॉर्ड एल्जिन यांच्या हुकुमानें तो जाळण्यांत आला. तेथें सांपडलेलें एक चिमुकलें कुत्रें व्हिक्टोरिया राणीला नजर करण्यांत आलें. त्याचें नांव ठेवलें 'लूटी'! राजवाड्यांत लाडानें हांक मारण्याइतका तो शब्द आतां निरुपद्रवी झाला होता. 'प्लंडर' नांवाचें कुत्रें राणीच्या मांडीवर कदाचित् शोभलें नसतें.

मराठी माणसानें मात्र या गोष्टीकडे बोट दाखवितांना स्वतःचें दप्तरहि चाळावें. सुरत १६६४ आणि १६७० अशी दोनदां लुटली गेली. तिला स्वराज्याच्या गरजेचें कारण होतें. पण १७४२ ते १७५१ या काळांत नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांनीं बंगालची रयत जी नागविली, तिची आठवण 'बर्गी' या शब्दानें बंगाली अंगाईगीतांत अजून जागी आहे. त्या स्वारीला इकडे मुलूखगिरी म्हणत. सोज्ज्वळ नांव शोधण्याची कला एकट्या इंग्रजांची नव्हे.

तरीहि मराठीनें या शब्दाला एक निराळें वळण दिलें. दसऱ्याला आपट्याचीं पानें 'सोनें' म्हणून लुटलीं जातात, संत हरिनामाची लूट करावयास सांगतात, सहलीला गेलेलें कुटुंब आनंद लुटतें. या लुटींत कोणाचें कांहीं जात नाहीं.

इंग्रजींत त्याचा मूळचा दंश कायम आहे, आणि आज तो उलट दिशेनें वळला आहे. १८९९ च्या हेग करारानें युद्धांतील लुटीला स्पष्ट मनाई केली. श्रीरंगपट्टणाहून नेलेला टिपूचा लांकडी वाघ आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहे. आणि अशा वस्तूंविषयीं तिकडचेच लेखक जेव्हां वाद घालतात, तेव्हां 'बक्षीस' हा जुना शब्द त्यांना पुरेसा वाटत नाहीं. ते 'लूट' असें लिहितात. शिपायाच्या खिशांतून विलायतेस गेलेला शब्द अखेर सेनापतीच्याहि दारीं जाऊन उभा राहिला आहे.