ओट्याखालची चूल

अमरावतीच्या परकोटातलं स्वयंपाकघर नवं करायचं म्हटलं की आधी जुना ओटा फुटतो. बुधवाऱ्यातल्या एका घरी वरचा ग्रॅनाइट काढला तर खाली कडप्पा, त्याखाली विटा, अन् विटांच्या तळाशी भाजून लाल झालेली माती. तिथं चूल होती. वर सागाची आडी धुरानं डांबरासारखी काळी पडलेली, पण वाळवीचा मागमूस नाही. मालक म्हणाले, खरवडून पॉलिश करू. मी साफ नाही म्हटलं.

परकोट बांधला निजामाच्या अमदानीत, 19व्या शतकाच्या सुरुवातीला, पेंढाऱ्यांच्या धास्तीनं. आत जागा मोजकी, म्हणून घरं भिंतीला भिंत लावून. तोंड अरुंद, आत लांबच लांब. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेला. 1861 ला अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस अडला अन् लँकेशायरच्या गिरण्या इथल्या कापसावर तुटून पडल्या. रस्त्याकडची जागा मग सौद्याची, बैठकीची. चुलीला मागचा अंधारा कोपरा. सरपणही कापसाचंच. वेचणी संपली की पऱ्हाट्या! त्या भुर्रकन पेटतात अन् तितक्याच लवकर विझतात, म्हणजे बाईनं चुलीपुढून उठायचंच नाही. कापसानं पैसा ओसरीवर दिला अन् धूर आत. अकोल्याच्या जुन्या शहरातही मला हेच दिसलं.

बाईला उभं केलं ते गॅसनं. मुंबईत 1955 मध्ये बर्मा शेलनं सिलिंडर विकायला घेतले. आमच्याकडे ते यायला बराच काळ गेला, तोवर रॉकेलचा स्टोव्ह. शेगडी सिलिंडरपेक्षा उंच हवी, म्हणून ओटा आला. ज्या जागेत एक बाई पाटावर बसायची, तिथंच आता फ्रिज, मिक्सर, आरओ सगळं मावायला हवं.

"मिस्त्री, हे भीत थोडी मागं सरकवता येईन का?"

"त्या भितीले हात नोका लावू, काकू. तिच्या पल्याड दुसऱ्याचा देव्हारा आहे."

भिंत पांढऱ्या मातीची. तिला सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते अन् गिलावा पोपडे धरून गळतो, चुन्याचाच लागतो. चुना महाग पडतो म्हणून लोक कुरकुरतात. तो खर्च मी दुसरीकडे वाचवतो: जुनं धुराडं बुजवत नाही, नव्या चिमणीचा पाइप त्यातूनच काढतो.