उसनं कुळ

अमेरिकेतली ‘इम्प्रूव्ह्ड ऑर्डर ऑफ रेड मेन’ ही देशभक्तांची बंधुसंस्था आपला जन्म १७६५ सालचा सांगते. त्या वर्षी इंग्रजांच्या स्टॅम्प करावर चिडलेल्या वसाहतींत ‘सन्स ऑफ लिबर्टी’ नावाचे गट उभे राहिले. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनमधल्या काही जणांनी तोंडाला काजळी फासली, अंगावर घोंगड्या घेतल्या, मोहॉक आदिवासींचं सोंग आणलं आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या बंदरात रिकाम्या केल्या. (कंपनी आपल्या ओळखीचीच, पण चहा चीनचा होता. आसामात मळे लागायला अजून साठेक वर्षं होती.)

ते सोंगाडे आमचे मूळपुरुष, असं संस्था म्हणते. कुळ सांगायला याहून चांगली रात्र कुठे मिळणार? फक्त त्या रात्रीपासून या संस्थेपर्यंतचा अखंड धागा इतिहासकारांना काही सापडत नाही. नवी सरदारकी मिळालेल्या घराण्याने भाटाकडून थेट सूर्यवंशापर्यंतची वंशावळ लिहून घ्यावी, त्यातलाच हा प्रकार.

कागदोपत्री दिसतो तो आधी तामानेंद. हा पेनसिल्व्हेनियातल्या लेनापी लोकांचा प्रमुख. १६८३ मध्ये त्याने तिथली वसाहत वसवणाऱ्या विल्यम पेनला जमिनी करार करून दिल्या आणि गोऱ्यांशी सलोख्याने राहणारा भला माणूस म्हणून त्याचं नाव झालं. १७७० च्या दशकात फिलाडेल्फियाचे लोक १ मे रोजी त्याचा दिवस पाळू लागले. इंग्रजांचा संत जॉर्ज, स्कॉटांचा संत अँड्र्यू, मग आमचा संत टॅमनी, म्हणजे हाच तामानेंद! चर्चला कुणी विचारलं नव्हतंच. त्याच्या नावाने सोसायट्या निघाल्या. त्यांतल्या न्यूयॉर्कच्या सोसायटीने पुढे अख्ख्या शहराचं राजकारण खिशात घातलं आणि ‘टॅमनी हॉल’ हे नाव भ्रष्टाचारासाठी गाजलं.

संताच्या लोकांचं काय झालं तेही सांगायला हवं. १७३७ साली पेनच्या मुलांनी एक जुना म्हणून दाखवलेला कागद पुढे केला. माणूस दीड दिवसात जेवढा चालेल तेवढी जमीन लेनापींनी द्यायची, असं त्यात होतं. ‘चालायला’ त्यांनी तीन दमदार गडी निवडले आणि वाट आधीच साफ करून ठेवली. दोघे मध्येच गळाले. तिसऱ्याने साठ-सत्तर मैल कापले आणि लेनापींची सुमारे बारा लाख एकर जमीन गेली. संत टॅमनीच्या मेजवान्या झडू लागल्या तेव्हा त्या मुलखात लेनापी फारसे उरलेच नव्हते. मला वाटतं, म्हणूनच त्याला संत करणं सोपं गेलं.

पुढे इंग्रजांशी दुसरं युद्ध जुंपलं. १८१३ मध्ये डेलावेअर नदीवरच्या फोर्ट मिफ्लिन किल्ल्यात शिबंदीवर असलेल्या लोकांनी ‘सोसायटी ऑफ रेड मेन’ काढली. देशप्रेम, मैत्री आणि भरपूर मद्य. युद्ध संपल्यावर ती हळूहळू विरत गेली. तिचीच परंपरा सांगत काही जणांनी १८३४ मध्ये बाल्टिमोरला नवी मांडणी केली आणि नावाआधी ‘इम्प्रूव्ह्ड’ लावलं. ही सुधारणा मुख्यतः बाटली सभेबाहेर ठेवण्याची.

या नव्या संस्थेचा संसार मात्र वाचण्यासारखा आहे. शाखा म्हणजे ‘जमात’, सभागृह म्हणजे ‘विगवॅम’, अध्यक्ष ‘सेचम’ आणि खजिनदार ‘वाम्पमचा राखणदार’. वाम्पम म्हणजे शिंपल्याच्या मण्यांचे पट्टे. गोऱ्यांनी त्यांचा पैशासारखा वापर केला होता, पण आदिवासींच्या लेखी ते करारमदारांची खूण होते. सभा सुरू करायची ती शेकोटी पेटवून, निदान तसं म्हणून. डॉलरला ‘फॅदम’, सेंटला ‘इंच’. बाहेरचा माणूस तो ‘फिकट चेहऱ्याचा’, आणि हे म्हणणारे सगळे तितक्याच फिकट चेहऱ्याचे. सालं मोजायची ती १४९२ पासून. आदिवासींचा वेश घातलेल्या मंडळींचा शक कोलंबसच्या पावलापासून सुरू व्हावा, यावर आणखी काय बोलणार!

पहिल्या जमातीला नाव दिलं लोगन. लोगन हा मिंगो लोकांचा नेता. १७७४ मध्ये ओहायो नदीकाठी सरहद्दीवरच्या गोऱ्यांनी त्याचे आप्त मारले. त्याच्या तोंडी असलेलं शोकाचं भाषण जेफरसनने आपल्या पुस्तकात छापलं आणि पुढे शाळकरी मुलं ते पाठ करू लागली. १८८५ मध्ये बायकांसाठी शाखा मंजूर झाली, ती पोकाहोंटस या आदिवासी प्रमुखाच्या मुलीच्या नावाने. पूर्वज सगळे असे निवडलेले की त्यांच्यातलं कुणी हरकत घ्यायला येणार नाही.

कारण जिवंत आदिवासीला दार बंद होतं. संस्थेच्या नियमाप्रमाणे सभासद गोराच हवा असे, आणि ही अट काढून टाकली गेली ती १९७४ मध्ये. बाल्टिमोरच्या सभेआधी चारच वर्षं आदिवासींना मिसिसिपीपलीकडे हुसकण्याचा कायदा झाला होता. १८३८ च्या सक्तीच्या वाटचालीत हजारो चेरोकी मेले. १८८३ पासून सरकारी नियमांनी आदिवासींचे धार्मिक नाच गुन्हा ठरवले आणि नाचणाऱ्याचा शिधा तोडला जाई. त्याच काळात बंधुसंस्थांच्या पोशाखांचे कॅटलॉग छापून येत होते आणि त्यांतून पिसांचे मुकुट मागवता येत होते.

हे सगळं ढोंग म्हणून उडवून लावलं तर मात्र लाखो लोक तिथे का गेले ते कळत नाही. शहरात नवा आलेला कारागीर आजारी पडला तर जमात पैसे देई, मेला तर पुरायचा खर्च करी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सभासद पाच लाखांच्या घरात गेले. थिओडोर आणि फ्रँकलिन हे दोन्ही रूझवेल्ट आपलेच, असं संस्था सांगते. त्यांतल्या फ्रँकलिनने १९३५ मध्ये सामाजिक सुरक्षेच्या कायद्यावर सही केली. असली मदत सरकार आणि विमा कंपन्या देऊ लागल्यावर शेकोटीची गरज कमी होत गेली. आज संस्थेत काही हजार लोक उरले आहेत. टेक्सासमधल्या वेको गावी तिचं संग्रहालय आहे.

या भाऊबंदकीतली एक चुलत शाखा वेगळ्या वाटेने गेली. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑरोरा गावी १८४० च्या दशकात लुइस हेन्री मॉर्गन या तरुण वकिलाने मित्रांना जमवून इरोक्वॉय लोकांच्या नावाने असंच मंडळ चालवलं होतं. वेश तोच आणि रात्रीचे विधीही तसेच. पण १८४४ मध्ये आल्बनीच्या एका पुस्तकाच्या दुकानात त्याला एली पार्कर हा इरोक्वॉयांपैकी सेनेका जमातीतला मुलगा भेटला, आणि सोंग खरं वठवायचं तर खऱ्या माणसांना विचारावं, हे मॉर्गनच्या डोक्यात शिरलं. सेनेकांची जमीन बळकावू पाहणाऱ्या कंपनीविरुद्ध मंडळ त्यांच्या बाजूने उभं राहिलं. १८५१ मध्ये त्याचं इरोक्वॉयांवरचं पुस्तक आलं, ते त्याने पार्करलाच अर्पण केलं. १८७७ मध्ये ‘एन्शंट सोसायटी’ आलं. ते मार्क्सने टिपणं काढत वाचलं आणि त्यावर एंगल्सने १८८४ मध्ये कुटुंब, खाजगी मालमत्ता आणि राज्यसंस्था यांच्या उगमाची मांडणी केली. तीच चौकट घेऊन श्रीपाद अमृत डांगे यांनी वैदिक समाजात आदिम साम्यवाद शोधला. त्यांचं पुस्तक १९४९ मध्ये निघालं, आणि दामोदर धर्मानंद कोसंबींनी पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या नियतकालिकात त्याची यथास्थित सालटं काढली.