वंशावळ, वऱ्हाडातील

मूळ पुरुषापासून विद्यमान पिढीपर्यंतच्या व्यक्तींची पिढीवार मांडणी म्हणजे वंशावळ होय. अमरावती व अकोला जिल्ह्यांत वंशावळीची साधने कुटुंबाच्या दर्जानुसार भिन्न आढळतात. परगण्याचे देशमुख व देशपांडे आणि गावचे पाटील व पटवारी ही पदे वंशपरंपरागत होती. वारसाहक्क सिद्ध करण्यासाठी अशा घराण्यांनी सनदा, महजर व वंशवृक्ष जपून ठेवले. काही जातींच्या वंशावळी भाट राखीत. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही यात्रेकरूंच्या पिढ्यांची नोंद होई. वतन नसलेल्या शेतकरी, कारागीर व मजूर कुटुंबांची स्मृती मात्र बहुधा पणजोबांपलीकडे जात नाही.

१८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपविला. त्यानंतरची जमीनमोजणी, रयतवार आकारणी, जन्ममृत्यूंची नोंद आणि शाळा यांमुळे सामान्य माणसाचे नाव सरकारी दप्तरात येऊ लागले. गावातील जन्ममृत्यू कोतवाल-पुस्तकात, तर विद्यार्थ्याची जन्मतारीख व जात शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत लिहिली जाई. जुन्या नोंदींत पुष्कळदा आडनाव नसते. नावापुढे ‘वल्द’ लिहून पित्याचे नाव दिलेले असते. कोतवाल-पुस्तकात तर अनेकदा पित्याचे नाव, जात आणि अपत्य मुलगा की मुलगी एवढाच उल्लेख सापडतो.

त्यामुळे खेड्यातील एखाद्या मुलाची वंशावळ वर्तमानाकडून भूतकाळाकडे शोधीत जावी लागते. मुलाच्या दाखल्यावरून पित्याचा व पितामहाचा शाळादाखला आणि त्यावरून कोतवाल-पुस्तकातील नोंद असा क्रम असतो. जमीन असल्यास खातेदाराच्या मृत्यूनंतरच्या वारस-फेरफारातून दोन पिढ्यांचा संबंध स्पष्ट होतो. वंशावळ पितृकुळाची मांडली जात असल्याने आई व आजी यांची नावे तीत क्वचितच येतात.

या शोधाला आता कुलाभिमानापेक्षा शिक्षण व नोकरीतील हक्कांमुळे अधिक महत्त्व आले आहे. जातीच्या दाखल्यासाठी ठरावीक दिनांकापूर्वीचे महाराष्ट्रातील वास्तव्य दाखवावे लागते : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. जातीच्या पडताळणीत जितका जुना लेख तितके त्याचे प्रमाणमूल्य अधिक मानले जाते.

अमरावती जिल्ह्यातील कोरकूंना १९७६ च्या दुरुस्ती कायद्यापूर्वी अनुसूचित जमातीचा दर्जा मेळघाट तालुक्यापुरताच होता. कायद्याने ही प्रादेशिक मर्यादा दूर केली. तथापि कायद्याने हक्क मिळाला, तरी पूर्वजांचा लेख आपोआप निर्माण होत नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना जमीन व शाळा लाभली नाही, त्यांच्याच नातवंडांना आपले कूळ सिद्ध करणे सर्वाधिक कठीण जाते.