वजनाला न येणारा कचरा

भंगारवाल्याची हाळी आली की घरातली रद्दी, बाटल्या, पत्र्याचे डबे बाहेर निघतात. पण नव्या टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल पुढे केला, की तो हात आखडता घेतो. "दादा, हे नको. वजनालाच येत नाही!" आता ही अडचण आली कुठून, ते पाहू.

१८३९ साली बर्लिनच्या एडुआर्ड सिमोन या औषधविक्रेत्याने एका झाडाच्या सुगंधी डिंकापासून तेल काढले. काही दिवसांनी ते आपोआप घट्ट झाले. असे का झाले, हे त्याला नीट उमगले नाही. विसाव्या शतकात हर्मान श्टाउडिंगर यांनी उलगडा केला, की लहान रेणू एकमेकांत गुंफून लांब साखळी होते. त्यांना १९५३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९४९ च्या सुमारास जर्मनीतच फ्रिट्स श्टास्टनी यांनी हा पदार्थ लाहीसारखा फुलवला. झाला थर्माकोल! त्यात बहुतेक हवाच. घनमीटरभर पाणी १००० किलो भरते. तेवढाच खोक्यातला थर्माकोल साधारण १५ ते २० किलो. मग टेम्पो भरूनही भाडे सुटावे कसे?

कचऱ्याला मोल येते ते संघटनेने. पुण्यात १९९३ साली कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या भगिनी डॉ. बाबा आढाव यांच्यासारख्यांच्या साथीने एकत्र आल्या आणि 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. २००८ साली त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करायला आरंभ केला. उकिरड्यावरची बाई सन्मानाने दारात आली.

२०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलच्या ताटल्या-वाट्यांवर बंदी आली. तरी यंत्रांच्या खोक्यांतून तो येतोच. कोणी तो चुलीत घालतात. काळा, विषारी धूर होतो. तसे मुळीच करू नये.

त्यापेक्षा आळीने मिळून एक करावे. आधी घेणारा कारखाना शोधावा. मग महिन्यातला एक दिवस ठरवावा. शाळेची पडवी किंवा देवळाची ओसरी चालेल. चिकटपट्टी काढलेला, कोरडा, स्वच्छ थर्माकोलच घ्यावा, खरकटा नको. यंत्रात दाबला, की त्यातली हवा जाते, घट्ट विटा होतात आणि त्या वितळवून फोटोच्या चौकटी, पट्ट्या असल्या वस्तू बनतात.

गुरुजींनी मुलांना एवढे जरूर सांगावे: एका घरचा थर्माकोल वजनाला येत नाही, साऱ्या आळीचा येतो.