विष की पोषक? सेलेनियमची गोष्ट

अमुक पदार्थ विषारी की पोषक, असा प्रश्न आपण वर्गात सहज विचारतो. कोंबड्यांच्या खाद्याचा इतिहास पाहिला, की हा प्रश्नच अपुरा वाटू लागतो.

अमेरिकेत साउथ डाकोटाच्या काही भागांत गुरांचे केस गळत, खूर झडत. कोंबड्यांच्या अंड्यांतून पिल्लं बाहेर येत नसत. अंडी फोडल्यावर आत विकृत गर्भ सापडत. 1930 नंतर कारण कळलं: मातीतून धान्यात उतरलेलं सेलेनियम. पुढे 1943 मध्ये सेलेनियममुळे उंदरांच्या यकृतात गाठी झाल्याचं प्रसिद्ध झालं आणि त्याच्यावर 'कर्करोगकारक' असा शिक्का बसला.

1957 मध्ये चित्र पालटलं. क्लाउस श्वार्ट्‌झ आणि फोल्ट्‌झ यांना दिसलं, की अत्यल्प सेलेनियम उंदरांचं यकृत वाचवतं. त्याच वर्षी पॅटरसन आणि सहकाऱ्यांनी कोंबडीच्या पिल्लांवर प्रयोग केले. टोरुला यीस्टच्या आहारावरच्या पिल्लांच्या कातडीखाली पाणी साचे आणि ती दगावत. आहारात कणभर सेलेनियम मिसळलं, की हा रोग टळे.

पण 1958 च्या अमेरिकन कायद्यानं कर्करोगकारक पदार्थ अन्नात मिसळायला पूर्ण बंदी घातली होती. त्यामुळे उपाय माहीत असूनही वापरता येईना. अखेर 1974 मध्ये वाढत्या कोंबड्यांच्या खाद्यात किलोला 0.1 मिलिग्रॅम सेलेनियम मिसळायला परवानगी मिळाली. म्हणजे टनभर खाद्यात फक्त 100 मिलिग्रॅम! हेच प्रमाण किलोला 5 मिलिग्रॅमपर्यंत गेलं, तर अंडी उबण्यावर परिणाम होतो.

सेलेनियम नेमकं काय करतं, हे 1973 मध्ये उलगडलं. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या विकराचा ते घटक आहे. पांढऱ्या पेशी जंतूंना मारायला पेरॉक्साइडं वापरतात. त्यांची झळ पेशींनाच लागू नये, याची काळजी हे विकर घेतं. 1980 नंतरच्या प्रयोगांत सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व दोन्ही कमी पडलेल्या पिल्लांमध्ये प्रतिपिंडं कमी तयार झाली. त्यांच्या 'बर्सा' या अवयवाची वाढही खुंटली. 'बी' पेशींना नाव मिळालं ते पक्ष्यांच्या याच अवयवावरून.

1943 मधली सावधगिरी काही मूर्खपणाची नव्हती. चुकलं ते एवढंच, की 'किती?' हे विचारायचं राहून गेलं. मिठाबद्दल, पाण्याबद्दलही मुलांना हाच प्रश्न विचारून पाहा.