जहाजाचा उंबरठा
पाणी आत येऊ नये म्हणून जहाजाच्या दारांना उंबरठे असतात. माझी व्हीलचेअर तिथेच अडते. अमेरिकेत १९९० साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. पण ह्यूस्टनहून सुटणाऱ्या क्रूझ जहाजांवर झेंडा बहामाजचा, मग हा कायदा आम्हाला लागूच नाही, असं कंपनीचं म्हणणं. व्हीलचेअरवरचे प्रवासी कोर्टात गेले. ६ जून २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं : अमेरिकेच्या पाण्यात परदेशी जहाजांनाही कायदा लागू, मात्र सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांआड येणारे बदल सक्तीचे नाहीत. म्हणजे काही उंबरठे राहणारच.

मायामीहून मी निघालो तेव्हा पडलेली वस्तू उचलून देणारी माझी प्रशिक्षित कुत्री हक्काने सोबत चढली. पुढे एका बंदरात, तिथल्या प्राणी-आयातीच्या नियमांमुळे, तिला उतरता येईना. मीही उतरलो नाही.