कोंबडी-दारूचा घमघमाट

तैवानमधल्या जुन्या बायकांच्या तोंडी एक म्हण असे. बाळंतपण जिंकले तर कोंबडी-दारूचा घमघमाट, हरले तर चार फळ्या. चार फळ्या म्हणजे शवपेटी. सुईणीच्या हातांवर आणि नशिबावर हवाला ठेवून बाळंत होण्याचे ते दिवस. जी वाचली तिच्या घरातून तिळाच्या तेलाचा, जून आल्याचा आणि तांदळाच्या दारूचा वास दरवळे, आणि आळीला कळे की बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.

आज हाच वास तैपेईच्या रात्रबाजारांत येतो. वाडगाभर रस्सा पुढ्यात घेऊन बसलेला माणूस बहुतेक वेळा कामावरून परतणारा मजूर असतो, टॅक्सीचालक असतो, नाहीतर शिकवणी सुटल्यावर आलेली मुलगी. बाळंतिणीच्या पथ्याचे जेवण रस्त्यावर आले, तेही काही शतकांत नव्हे, एक-दोन पिढ्यांत. या बदलामागे सरकारचा दारूचा मक्ता आहे, कारखान्यांत राबायला आलेली माणसे आहेत आणि चक्क जागतिक व्यापाराचा एक करारही आहे.

आधी त्या वासाचे मूळ पाहायला हवे. ‘मायौजी’ म्हणजे तिळाच्या तेलातली कोंबडी. जून आल्याच्या सालीसकट पातळ चकत्या काळ्या तिळाच्या तेलात मंद आचेवर परतायच्या, कडा सुकून वळेपर्यंत. इथे घाई चालत नाही. भाजलेल्या तिळांचे हे तेल फार तापले की कडू होते. मग कोंबडीचे तुकडे, आणि त्यावर पाण्याऐवजी तांदळाची दारू. बाळंतपणानंतरचा पूर्ण महिना बाईने हे खायचे, वारा टाळायचा, थंड पाण्याला हात लावायचा नाही. महिना भरला की तेलावर परतलेला चिकट तांदळाचा भात, कोंबडी आणि लाल रंगवलेली अंडी नातेवाइकांकडे पाठवायची. दक्षिणेतले शीगांग आणि मध्य तैवानातले बेगांग ही गावे आजही तिळाच्या तेलासाठी ओळखली जातात.

या सगळ्या खाण्याला चिनी भाषेत एकच शब्द आहे, ‘बू’. पुष्टी देणे, उणीव भरून काढणे असा त्याचा अर्थ. पण हे अक्षर लिहिताना त्याच्या डाव्या अंगाला कापडाची खूण येते, कारण मुळात ते फाटलेल्या वस्त्राला ठिगळ लावण्याबद्दलचे आहे. शरीर म्हणजे वापरून विरलेले कापड, आणि रस्सा म्हणजे ठिगळ. खाद्यसंस्कृतीवर लिहिणारे अनेकदा ‘टॉनिक’ म्हणून मोकळे होतात. ठिगळ हा शब्द जास्त नेमका आहे, कारण त्यात मुळात काहीतरी झिजले होते याची कबुली आहे.

झिजण्याचा ठरलेला हंगाम हिवाळा. चिनी पंचांगात वर्षाचे चोवीस भाग असतात. त्यांतला ‘लीदोंग’ म्हणजे हिवाळ्याचा आरंभ 7 किंवा 8 नोव्हेंबरला येतो. त्या संध्याकाळी तैवानभर औषधी रश्श्यांच्या दुकानांपुढे रांगा लागतात. परदेशी माणसाला याचे नवल वाटते, कारण तेव्हा तिथे फारशी थंडी नसते. पण उत्तर तैवानचा हिवाळा ओला असतो, ईशान्येचा वारा दिवसचे दिवस पाऊस आणतो आणि घरांत उबेची सोय सहसा नसते. स्थानिक बोलीत गमतीने म्हणतात, लीदोंगला पुष्टी द्यायची ती रिकाम्या तोंडाला. शेतकऱ्याच्या घरी वर्षभर मांस दिसत नसताना पंचांगाने दिलेली ही खाण्याची परवानगी होती.

अन्नाने बरे करण्याचा विचार अर्थातच चीनमधून आला. सातव्या शतकातल्या सुन सिमियाओ या वैद्याने आपल्या मोठ्या ग्रंथात आहारोपचाराचे वेगळे प्रकरण लिहिले. दांगग्वे, छ्वानश्योंग, पांढरे पिओनीचे मूळ आणि शिजवून काळे केलेले रेहमॅनियाचे मूळ हे चार घटक एकत्र करणारा काढा सोंग राजवटीच्या सरकारी औषधसंग्रहात आहे. फुजियान किनाऱ्यावरून सामुद्रधुनी ओलांडून तैवानात आलेल्या शेतकऱ्यांनी हे ज्ञान सोबत आणले. नांगराच्या बैलाला मारून खायचे नाही हा त्यांचा दंडकही सोबत आला. म्हणून या रश्श्यांत कोंबडी, बदक, बोकड आणि डुक्कर दिसतात, गोमांस क्वचित.

1895 मध्ये तैवान जपानच्या ताब्यात गेले. नव्या राज्यकर्त्यांना पाश्चात्त्य वैद्यक हवे होते. 1901 मध्ये त्यांनी तेव्हा काम करत असलेल्या पारंपरिक वैद्यांची नोंदणी करून परवाने दिले, आणि नंतर नवे परवाने देणे थांबवले. जुने वैद्य वारत गेले, त्यांची जागा भरली गेली नाही. 1945 मध्ये जपानी राजवट संपली तेव्हा या वैद्यांची एक अख्खी पिढी जवळजवळ नाहीशी झाली होती. औषधी मुळ्या विकणारी दुकाने मात्र चालू राहिली. तैपेईच्या जुन्या दादाओछंग पेठेतल्या दीह्वा रस्त्यावर ती आजही ओळीने उभी आहेत, सुक्या खजुरांच्या, गोजीच्या आणि सालींच्या पोत्यांसह. वैद्य दुर्मीळ झाले तेव्हा वैद्यकाचा एक मोठा भाग काउंटरमागच्या दुकानदाराकडे आणि चुलीपुढच्या बाईकडे राहिला. तैवानी माणसाला आजही औषधापेक्षा औषधी रस्सा जवळचा वाटतो, त्याचे एक कारण या पन्नास वर्षांत शोधावे लागते.

जपान्यांनी आणखी एक गोष्ट केली. 1922 मध्ये दारूवर सरकारी मक्ता आणला. घरोघरी, गावोगावी गाळली जाणारी तांदळाची दारू बेकायदा झाली आणि तिच्या जागी कारखान्यातली बाटली आली. जपानी गेल्यावर चिनी राष्ट्रवादी सरकारने मक्ता तसाच ठेवला. तो किती जाचक वाटत होता हे 27 फेब्रुवारी 1947 च्या संध्याकाळी दिसले. त्याच दादाओछंग भागात, दारूबरोबर तंबाखूवरही असलेल्या मक्त्याच्या अधिकाऱ्यांनी चोरट्या सिगारेटी विकणाऱ्या एका विधवेला मारहाण केली, जमावावर गोळी झाडली, आणि दुसऱ्या दिवशी बेटभर उठाव झाला. तो चिरडताना हजारो लोक मारले गेले. तैवानच्या राजकारणावर त्या दिवसांचा व्रण अजून आहे.

मक्त्याची लाल चिठ्ठीची तांदळाची दारू मात्र स्वयंपाकघरात रुळली. ती पुढे उसाच्या मळीचे अल्कोहोल मिसळून बनू लागली, स्वस्त झाली, आणि मीठ-तेलाच्या ओळीत जाऊन बसली. कुणी ती पेल्यात ओतून मिरवत नसे. ती पातेल्यात ओतायची दारू होती. बाळंतिणीच्या एका महिन्याला डझनांनी बाटल्या लागत.

1970 आणि 80 च्या दशकांत तैवानच्या छोट्या कारखान्यांना बरकत आली आणि मध्य-दक्षिणेतली तरुण माणसे तैपेईभोवती गोळा झाली. नदीपलीकडचे सान्चोंग हे त्यांचे मोठे ठाणे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या या माणसांना लीदोंगला रस्सा करून घालणारी आई किंवा आजी जवळ नव्हती. ती पोकळी ‘जियांगमूया’च्या दुकानांनी भरली. जियांगमूया म्हणजे आल्याच्या रश्श्यातले बदक. नावातल्या ‘मू’ या अक्षराचा अर्थ आई, पण इथे ‘आल्याची आई’ म्हणजे जमिनीत जुना झालेला, तिखट, रेषाळ गड्डा. 1980 च्या दशकात ही दुकाने सान्चोंगसारख्या वस्त्यांतून बेटभर पसरली.

त्या दुकानांची मांडणी अजूनही फारशी बदललेली नाही. फुटपाथपर्यंत आलेली बुटकी टेबले, त्याहून बुटकी स्टुले, मध्ये कोळशाची शेगडी आणि तिच्यावर काळपट मातीचे भांडे. बदक आधीच आले, तेल, दारू आणि मुळ्यांत शिजवलेले असते. गिऱ्हाइकाने कोबी, अळंबी, टोफूची साय, तांदूळ आणि रक्ताची वडी स्वतः घालायची. बाजूला तिळाच्या तेलात कालवलेल्या बारीक शेवया आणि तोंडी लावायला आंबवलेल्या टोफूची चटणी. गुडघे छातीशी घेऊन बसलेली चार-पाच माणसे एकाच भांड्यात चॉपस्टिक घालतात. घरच्या पथ्याला इथे पहिल्यांदाच मैफलीचे रूप आले.

या पदार्थाला प्राचीन चिनी सम्राटाशी जोडणारी एक कथा सांगतात, आणि काही दुकानांनी नावातही सम्राट घेतला आहे. बदकाकडे नीट पाहिले तर ती कथा टिकत नाही. जियांगमूयाचे उत्तम बदक लाल चामखिळींच्या तोंडाचे, मस्कोव्ही जातीचे असते. ही जात अमेरिका खंडात माणसाळवली गेली आणि कोलंबसानंतरच जगभर गेली. तैवानमधले तिचे नावच ‘परदेशी बदक’ असे आहे. प्राचीन सम्राटाच्या ताटात ते असणे शक्य नव्हते. सान्चोंगच्या मजुराच्या भांड्यात मात्र ते होते, आणि या पदार्थाला हा वारसा पुरेसा आहे.

बोकडाच्या रश्श्याची वाट थोडी वेगळी. काओश्युंगजवळच्या गांगशान या गावाची तीन वैशिष्ट्ये सांगितली जातात : बोकडाचे मांस, मध आणि तिखट घेवड्याची आंबवलेली चटणी. यांतली चटणी 1949 नंतर चीनमधून आलेल्या सैनिक कुटुंबांनी रुजवली. सिचुआनची तिखट चव आणि स्थानिक बोकड एका टेबलावर आले ते चीनमधल्या यादवी युद्धात हरलेल्या सैन्याच्या स्थलांतरामुळे.

सगळे रस्से उष्ण नसतात. ‘सशन थांग’ हा फिकट, दुधाळ, पोटाला सौम्य रस्सा बाराही महिने मिळतो. त्यात चार जिनसा असतात : सुरणासारखा एक कंद, कमळबीज, पाइनच्या मुळांवर वाढणारी एक बुरशी आणि चौथी जिन्नस मराठी वाचकाच्या ओळखीची, मखाना. आपण उपवासाला लाह्या करून खातो त्याच पाणवनस्पतीचे हे बी, तिकडे न फोडता शिजवतात. सोबत डुकराचे आतडे आणि वरून दारूचे चार थेंब. नावाचा अर्थ चार देवांचा रस्सा. पण तैवानी बोलीत देव आणि मंत्री या शब्दांचा उच्चार सारखाच आहे, त्यामुळे मूळ नाव ‘चार मंत्री’ असावे असे मानतात. चिनी औषधशास्त्रात मुख्य द्रव्याला राजा आणि साहाय्यक द्रव्याला मंत्री म्हणतातच.

तैपेईचा राओहे रात्रबाजार 1987 मध्ये सुरू झाला. तिथला औषधी बरगड्यांचा काळाभोर रस्सा आता पर्यटकांच्याही यादीत आहे. 2018 मध्ये मिशेलिनने तैपेईची पहिली पुस्तिका काढली तेव्हा स्वस्त आणि मस्त खाण्याच्या विभागात या बाजारातल्या एका दुकानाचे नाव आले. दांगग्वेची गोडसर कडवट चव पहिल्या घोटाला अनेकांना झेपत नाही. दुसऱ्या वाडग्याला ती आवडू लागते.

मग 2002 उजाडले. 1 जानेवारीला तैवान जागतिक व्यापार संघटनेचा सभासद झाला आणि तांदळाच्या दारूचा प्रश्न घराघरात आला. व्हिस्की विकणाऱ्या देशांचे म्हणणे असे की ही गाळलेली दारू आहे, तिच्यावर कर आमच्या दारूइतकाच हवा. तैवानी गृहिणीच्या लेखी ती दारू नव्हतीच, फोडणीचे सामान होते. कायद्याने पहिली बाजू मानली. वीस-बावीस तैवानी डॉलरांची बाटली पाहता पाहता 180 वर गेली. लोकांनी आधीच साठे केले होते. बाजारात बनावट बाटल्या आल्या, त्यांत मिथेनॉल होते, आणि माणसे दगावली. गरिबांच्या पथ्याचे जेवण विषारी व्हावे, याहून क्रूर गोष्ट या रश्श्याच्या इतिहासात नाही. 2010 मध्ये कायदा बदलून स्वयंपाकाच्या दारूवरचा कर उतरवला गेला, तेव्हा बाटली पुन्हा आवाक्यात आली.

भाववाढीचा सर्वांत मोठा चटका बाळंतिणींच्या घरांना बसला, आणि त्यामागे एका बाईंचे काम होते. च्वांग शूछी या दादाओछंगच्या औषधी पेढीत वाढल्या. तैवानमध्ये पारंपरिक वैद्यकाचा परवाना मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. नंतर जपानमधल्या केइओ विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट घेतली. बाळंतिणीच्या महिन्याचे शिस्तशीर वेळापत्रक त्यांनी लोकप्रिय केले. त्यात साधे पाणी वर्ज्य, त्याऐवजी दारू उकळून तिचे अल्कोहोल उडवलेले ‘दारूपाणी’. तीन बाटल्या आटवून एक करायची. आजचे डॉक्टर पाणी तोडण्याचा सल्ला देत नाहीत, आणि अंगावर पाजणाऱ्या आईला दारू जपूनच घालायला सांगतात. तरी आजीकडून ऐकलेल्या पथ्याला लिखित रूप देऊन ते नोकरी करणाऱ्या शहरी मुलीपर्यंत पोचवण्याचे श्रेय च्वांगबाईंचेच.

जडीबुटीने अपाय होत नाही हा भाबडा विश्वास तैवानला महागात पडलेला आहे. ॲरिस्टोलोकिक आम्ल असलेल्या वनस्पतींनी मूत्रपिंडे निकामी होतात आणि मूत्रमार्गाचा कर्करोग होतो हे कळल्यावर 2003 मध्ये अशा पाच औषधींवर बंदी आली. रश्श्यांतल्या नेहमीच्या मुळ्या त्यांत नव्हत्या, पण पुडीत काय आहे हे विचारण्याची सवय तेव्हापासून वाढली. दारूचाही हिशेब बदलला. 2013 मध्ये वाहनचालकाच्या श्वासातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरमागे 0.15 मिलिग्रॅमवर आणली गेली. आता दर हिवाळ्यात बदकाचा रस्सा खाऊन निघालेला कुणीतरी स्कूटरस्वार तपासणीत अडकल्याची बातमी येते.

बाळंतपणाचा महिना आता अनेकजणी खास प्रसूतिपश्चात केंद्रांत काढतात. जेवणाचे डबे दिवसातून अनेकदा येतात, कोंबडी दारूची हवी की बिनदारूची हे अर्जातच विचारलेले असते. महिना भरल्यावर तेलभात, कोंबडी आणि लाल अंडी यांचे बंद खोके दुकानातून मागवायचे आणि बाळाच्या फोटोची चिठ्ठी लावून कचेरीत वाटायचे. दुपारी कुणाच्या तरी टेबलावर खोके उघडते. तिळाच्या तेलाचा वास वातानुकूलित खोलीत पसरतो, आणि मान वर न करताच शेजारचा विचारतो, मुलगा की मुलगी?